मुरुमांसाठी गर्भनिरोधक गोळी : माझे १४ महिने

मुरूम वर यायच्या आधीच दुखायला लागायचा. आरशात काही दिसायचं नाही, पण हनुवटीखाली बोट टेकलं की आत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागायची. पाळीला आठवडा उरला की अशा तीन-चार गाठी, जबड्याच्या कडेने थेट कानाखालपर्यंत. त्यांना तोंड नसायचं, पू यायचा नाही, नुसती ठसठस. कुशीवर झोपलं तर उशी टोचायची. पाळी होऊन गेली की गाठी बसायच्या आणि मागे तपकिरी डाग ठेवून जायच्या. तो डाग फिका होतोय न होतोय तोवर पुढची फेरी सुरू.

तेव्हा मी २६ वर्षांची होते. शाळेत असताना मला फारसे पिंपल्स आलेच नव्हते. त्यामुळे 'वयात आल्यावर येतात, आपोआप जातात' हे मला लागूच पडत नव्हतं, तरी सगळ्यांकडून तेच ऐकत होते. पाणी जास्त पी, तेलकट खाऊ नको, हात लावू नको, पुरेशी झोप घे. हे सगळं मी मनापासून करून पाहिलं. आणि मुरूम तरीही आले की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं. या वाटण्याने मला मुरुमांइतकाच त्रास दिला.

स्किनच्या डॉक्टरांकडे वर्षभर उपचार चालले होते. रात्री अ‍ॅडापॅलीन जेल, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. (या दुसऱ्या औषधाने टॉवेल आणि उशांच्या खोळींचा रंग उडतो. सुरू करणार असाल तर पांढरे वापरा.) जोडीला तीन महिने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. गोळ्या चालू असताना चेहरा बराच निवळला, पण बंद केल्यावर दीड महिन्यात गाठी परत जागेवर. अँटिबायोटिक वर्षानुवर्षं चालू ठेवता येत नाही, कारण जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग त्यांनी मला पाळीबद्दल विचारायला सुरुवात केली. नियमित येते का, हनुवटीवर किंवा पोटावर राठ केस आलेत का, डोक्यावरचे केस विरळ झालेत का, वजन अचानक वाढलं का. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात हॉर्मोन्स तपासायला रक्त द्यायला सांगितलं : टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, थायरॉइड. पीसीओएस (बीजांडकोशाचा, हॉर्मोन्सशी जोडलेला विकार) आहे का ते बघायला सोनोग्राफीही झाली.

सगळं नॉर्मल आलं आणि मी रडले. काहीतरी निघालं असतं तर त्याचं नाव तरी मिळालं असतं.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक चित्र काढलं. केसाचं मूळ, त्याला लागून तेलाची ग्रंथी, वर बुजलेलं छिद्र. म्हणाले, "तुमच्या रक्तात अँड्रोजेन जास्त नाहीत. पण जेवढे आहेत तेवढ्यांनाही या ग्रंथी जरा जास्तच प्रतिसाद देतात. मोठ्या वयात ज्या स्त्रियांना जबड्यावर मुरूम येतात, त्यांच्यापैकी अनेकींचे रिपोर्ट नॉर्मलच असतात." अँड्रोजेन म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातली हॉर्मोन्स. ती बायकांच्या शरीरातही असतात, थोडी बीजांडकोशात तयार होतात, थोडी अ‍ॅड्रिनल ग्रंथींत. या हॉर्मोन्सच्या सांगण्यावरून तेलाची ग्रंथी काम करते. तेल वाढलं, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचल्या, आत जंतू वाढले आणि सूज आली की झाली गाठ तयार. जेलने छिद्राचं तोंड मोकळं होतं, अँटिबायोटिकने जंतू आणि सूज कमी होते, पण तेलाच्या ग्रंथीला मिळणाऱ्या हुकमाला कोणी हात लावलेला नव्हता.

"त्यासाठी एकत्रित गर्भनिरोधक गोळी देता येईल," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी लगेच समजावलं. या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हॉर्मोन्स असतात. तिच्यामुळे मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे निरोप थांबतात, म्हणून तिथलं अँड्रोजेन कमी बनतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवायला लागतं, सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन नावाचं. ते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं आणि त्वचेपर्यंत पोचणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. हे दुसरं काम मला फार आवडलं होतं, का कोण जाणे. रक्तात कोणीतरी त्या हॉर्मोनचा हात धरून उभं आहे, असं काहीसं डोळ्यांसमोर आलं.

एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. नुसतं प्रोजेस्टिन असलेली गर्भनिरोधकं, म्हणजे मिनी पिल, दंडात बसवायचा इम्प्लांट, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनवालं साधन, यांनी काही जणींचे मुरूम उलट वाढतात. 'गर्भनिरोधक गोळीने मुरूम जातात' एवढंच ऐकून मैत्रिणीची कुठलीही स्ट्रिप घेऊ नये ती यासाठी.

चिठ्ठी मात्र त्यांनी लगेच दिली नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून या म्हणाले.

त्या भेटीबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय, कारण पुढे तीच कामाला आली. डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा बीपी घेतलं, मग पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं. सिगारेट ओढतेस का? आई-वडील, भावंडं यांच्यात कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? तरुण वयात कोणाला हार्ट अटॅक, पक्षाघात? कावीळ, यकृताचा काही आजार? किडनीचा त्रास? स्तनाचा कर्करोग? सध्या कुठली औषधं चालू आहेत, फिट्सची किंवा टीबीची? (रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरच्या काही औषधांनी या गोळीचा परिणाम कमी होतो.) आणि मग, "डोकं दुखतं?"

"कधीकधी. अर्धं डोकं."

"दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही दिसतं? चमचमणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा, मधेच एखादा भाग दिसेनासा होणं, हाताला किंवा ओठाला मुंग्या?"

"नाही."

ते तेव्हा खरंच होतं. मॅडम तरीही थांबल्या आणि हाताने हवेत नागमोडी कड काढून दाखवली. म्हणाल्या, "याला ऑरा म्हणतात. अशा मायग्रेनमध्ये मुळातच पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो. त्यात इस्ट्रोजेनची भर घालायची नाही. गोळी चालू असताना कधीही असं दिसलं तर मला फोन करायचा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही."

रक्ताच्या गाठींचे आकडेही त्यांनीच सांगितले आणि मी ते लिहून घेतले. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षभरात साधारण दोघींना अशी गाठ होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन असलेल्या एकत्रित गोळीत ५ ते ७ जणींना, आणि मला द्यायच्या, ड्रॉस्पिरेनोन हे प्रोजेस्टिन असलेल्या गोळीत ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो. आकडा लहान आहे हे मला पटलं. तो शून्य नाही हेही पटलं. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, एकदम उठलेलं जीवघेणं डोकं, दिसण्यात फरक, पोटात असह्य कळ, यांपैकी काहीही झालं तर सरळ हॉस्पिटल. ही यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

गोळी होती इथिनिल इस्ट्रॅडिओल ३० मायक्रोग्रॅम आणि ड्रॉस्पिरेनोन ३ मिलिग्रॅम. २१ दिवस रोज एक, मग सात दिवस सुट्टी. त्या सुट्टीत येतो तो रक्तस्राव खरी पाळी नव्हे, हॉर्मोन थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गळतं एवढंच.

आईच्या हाती पाकीट लागलं ते पहिल्याच आठवड्यात. तिने पाकिटावरचं वाचलं आणि काहीच बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. रात्री मी तिला ते डॉक्टरांचं चित्र दाखवलं. ग्रंथी, छिद्र, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढे मूल व्हायला अडचण येणार नाही ना?" मीही हाच प्रश्न मॅडमना विचारला होता. गोळी सोडल्यावर बीजनिर्मिती परत सुरू होते, गोळीमुळे वंध्यत्व येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग आई म्हणाली, "घे. पण मला सांगत जा काय होतंय ते." त्या दिवसापासून रात्री साडेनऊला गोळीची आठवण तीच करून द्यायची.

पहिले दोन महिने वाईट गेले. मळमळ आठवडाभरात थांबली, कारण मी गोळी झोपायच्या आधी घ्यायला लागले. छाती जड आणि दुखरी झाली. मधेच रक्ताचे डाग लागायचे. आणि मुरूम वाढले. तिसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत जबडाच काय, गालही भरून आले. मी स्किनच्या डॉक्टरांना फोटो पाठवले तर उत्तर आलं : थांबा, जेल चालू ठेवा, तीन महिन्यांच्या आधी निकाल लावू नका. त्यांचं म्हणणं असं, की आज दिसणारा मुरूम काही आठवड्यांपूर्वीच आत सुरू झालेला असतो. तेल कमी झालं तरी आधीच वाटेवर असलेले येणारच. अँटिबायोटिक आणि ही गोळी यांची तुलना केलेल्या अभ्यासांचं एक विश्लेषण त्यांनी सांगितलं होतं. तीन महिन्यांपाशी अँटिबायोटिक पुढे असतं, सहा महिन्यांपाशी दोन्ही बरोबरीला येतात. मला त्या दिवसांत या एका वाक्याचा फार आधार होता.

मनाचंही सांगते. दुसऱ्या महिन्यात काही दिवस मला कारण नसताना रडू यायचं, सकाळी उठावंसं वाटायचं नाही. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हॉर्मोनल गर्भनिरोधक घेणाऱ्यांमध्ये नैराश्यावरची औषधं सुरू होण्याचं प्रमाण त्यात जास्त दिसलं, विशेषतः किशोरवयीन मुलींत. मॅडमनी ते उडवून लावलं नाही. दर आठवड्याला कळव, वाढलं तर गोळी बदलू किंवा थांबवू, म्हणाल्या. माझं ते तीनेक आठवड्यांत ओसरलं. सगळ्यांचं ओसरतंच असं मी म्हणणार नाही.

फरक पडला तो मला डोळ्यांनी कळला नाही, बोटाला कळला. चौथं पाकीट संपत आलं होतं, म्हणजे एरवी गाठी यायचे दिवस. मी सवयीने हनुवटीखाली बोट फिरवलं. काही लागलं नाही. दुसऱ्या बाजूला फिरवलं. तिथेही नाही. मग मी दिवसातून दहा वेळा शोधायला लागले, जणू त्या कुठेतरी लपून बसल्या होत्या. दर रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी फोटो काढायचा नेम होता, त्या फोटोंत पाचव्या महिन्यापासून लाली कमी दिसते. सहाव्यात नवीन गाठ एकही नाही. दुपारी नाक आणि कपाळ तेलाने चमकायचं, तेही थांबलं. डाग पूर्ण जायला आणखी पाच-सहा महिने लागले.

ज्यांना असे मुरूम आलेले नाहीत त्यांना हे कसं सांगू? मी बोलताना हात हनुवटीवर ठेवत होते, हे तो ठेवायचा थांबल्यावर मला कळलं. लोकांच्या उजव्या बाजूला बसायचं, कारण माझी उजवी बाजू जास्त खराब, हेही. एकदा पावसात तोंड धुतल्यासारखं भिजले आणि कोणासमोरही ओढणीने लपवलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर तिला त्यात विशेष काय ते कळेना.

एकदा गोळी विसरले. लक्षात आल्याबरोबर ती घेतली, पुढची ठरल्या वेळी घेतली, बाकी काही झालं नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर मात्र गर्भधारणा टाळण्यासाठी सलग सात गोळ्या होईपर्यंत कंडोमही वापरावा लागतो. दर सहा महिन्यांनी बीपी बघून घ्यायचं, ते घेत होते.

चौदाव्या महिन्यात, नव्या स्ट्रिपमधल्या दोनच गोळ्या झालेल्या असताना, दुपारी कॉम्प्युटरवर आकडे तपासत होते. एका रकान्यातला मधला आकडा दिसेना. डोळे चोळले. जिथे बघेन तिथलीच जागा गायब. मग त्या जागेच्या कडेला करवतीच्या दातांसारखी एक चमकती रेघ उमटली, थरथरणारी, आणि हळूहळू मोठी होत उजवीकडे सरकत गेली. डोळे मिटले तरी दिसत होती. वीस-पंचवीस मिनिटांत विरली आणि मग डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली.

ते काय आहे हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मॅडमनी हवेत काढलेली ती कड जशीच्या तशी समोर होती.

मी फोन केला नाही. रात्री साडेनऊला आईने आवाज दिला आणि मी गोळी घेतली. तिसरी. मनाशी म्हटलं, झोप झाली नव्हती, स्क्रीनकडे फार वेळ पाहिलं, जेवायला उशीर झाला. यातलं खोटं काहीच नव्हतं. पण मी ही कारणं शोधत होते ती चेहऱ्यासाठी. फोन केला तर गोळी बंद होणार आणि गोळी बंद झाली तर त्या गाठी परत येणार. पक्षाघात हा शब्द मला माहीत होता, मी तो वहीत लिहून घेतला होता, आणि तरी त्याच्यापेक्षा हनुवटीवरची गाठ मला जास्त खरी वाटत होती.

अकरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी उजव्या हाताच्या बोटांत मुंग्याही आल्या. तेव्हा मी आईला सांगितलं, आणि फोन आईने लावला.

मॅडमनी विचारलं, "मुंग्या आत्ता आहेत का? हात उचलता येतोय? बोलताना जीभ जड वाटतेय?" काहीच नव्हतं. तरी लगेच बोलावून घेतलं, तपासलं, बीपी पाहिलं, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. आणि म्हणाल्या, "गोळी आजपासून बंद. स्ट्रिप संपवायची नाही." जागतिक आरोग्य संघटनेने गर्भनिरोधकांसाठी पात्रतेचे चार गट केलेत. ऑरा असलेलं मायग्रेन आणि इस्ट्रोजेनची गोळी ही जोडी चौथ्या गटात येते, म्हणजे वय काहीही असो, वापरायची नाही. मग त्यांनी विचारलं, "हे पहिल्यांदाच झालं का?"

मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चेहरा खूप छान झालाय तुझा. मला कळतंय." मला तिथे हुंदका आवरला नाही.

न्यूरॉलॉजिस्टकडे एमआरआय नॉर्मल आला. निदान ऑरासह मायग्रेन असंच झालं.

स्ट्रिपमध्ये आठ गोळ्या उरल्या होत्या. ती मी टाकली नाही, कपाटात त्या यादीच्या मागे ठेवली. दहाव्या आठवड्यात पहिली गाठ आली, उजवीकडे, जुन्या जागी. पुढच्या महिन्यात पाच. त्या रात्री मी ती स्ट्रिप हातात घेऊन बसले होते. आईने पाहिलं. तिने ती माझ्या हातून घेतली, एकेक गोळी बाहेर काढली आणि मला काही न बोलता त्या घेऊन गेली.

आता मी स्पायरोनोलॅक्टोन घेते. यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून ऑराची अडचण येत नाही. ते अँड्रोजेनला ग्रंथीपाशीच अडवतं. ड्रॉस्पिरेनोन रासायनिकदृष्ट्या याच्याच नात्यातलं आहे, हे स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला उगीच बरं वाटलं. मूळ औषध बीपीचं आणि अंगावरच्या सुजेचं, मुरुमांसाठी ते मुळात बनलेलं नाही. बीपी उतरू शकतं, म्हणून सकाळी झटकन उठायचं नाही. पाळी मागेपुढे होते. हे चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही, कारण मुलाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मिनी पिलचा पर्यायही मॅडमनी समोर ठेवला होता, त्यात इस्ट्रोजेन नसतं, पण मुरूम वाढायच्या भीतीने मी नको म्हटलं. हेही औषध सावकाश चालतं. ब्रिटनमधली ४१० स्त्रियांवरची एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांना फरक जास्त दिसला होता. माझा आता अठरावा आठवडा आहे.

गोळी सोडल्यापासून ती चमकती रेघ एकदाच दिसली, आणि त्याच दिवशी मी फोन केला. रविवारचे फोटो चालू आहेत. या महिन्यात पाळीच्या आधी दोन गाठी आल्या. एक बसली. दुसरी अजून बोटाला लागते.